माता आजारात धरत नाहीत

माझ्या दुकानात एक वजनकाटा होता. धान्याच्या दुकानात असतो तसा, जमिनीवर ठेवायचा. औषधाच्या ठोक दुकानात काटा कशाला, असं नवं गिऱ्हाईक विचारायचं. मी म्हणायचो, "अभी पता चलेगा."

मी जे इंजेक्शन विकत होतो ते माणसाच्या वजनावर देतात. माणूस जितका जड, तितक्या बाटल्या जास्त, आणि असं पाच दिवस. बाटली इतकी महाग की भाव ऐकल्यावर माणसं आधी खाली बसायची. मग उठून सौदा सुरू करायची. भाव कमी होत नाही म्हटल्यावर रुग्णाचं वजन कमी करायची. पंडरीतला, म्हणजे आमच्या कापडबाजारातला, एक व्यापारी आला होता. त्याचा बाप वॉर्डात, कमरेपर्यंत लुळा पडलेला. चिठ्ठीवर वजन बहात्तर किलो.

"भैया, बाबूजी पचपन के हैं," तो म्हणाला.

"उमर नहीं पूछी, वजन पूछा."

"वजन ही बता रहा हूं."

मी काटा उचलला, रिक्षात घातला आणि दवाखान्यात नेला. आधी मुलाला एकट्याला त्यावर उभं केलं. मग वॉर्डबॉयने बापाला उचलून त्याच्या हातांवर दिलं. दोन आकड्यांची वजाबाकी केली, उरला तो बाप. एकाहत्तर.

"चलो, न मेरा न आपका," तो म्हणाला, "साठ लिख लो."

"कपड़े का थान समझ रखा है क्या? जितना है उतना ही लगेगा."

बाप दीड महिन्यांनी स्वतःच्या पायांनी घरी गेला. तेव्हापासून मुलगा दर दिवाळीला मला मिठाईचा डबा पाठवतो आणि डब्यावर पेनाने वजन लिहितो.

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी धंद्यातल्या गमती लिहून द्या, असं मला सांगितलं आहे. गमती आहेत. पण त्या सांगायला बसलो की मी दर वेळी एकाच ठिकाणी येऊन अडकतो, म्हणून तेही सांगणार. कोणाला नको असेल तर त्याने सगळी पानं परत करावीत. मधूनमधून कापलेलं मला चालणार नाही.

राज्य नवं झालं तेव्हा रायपूरला रातोरात राजधानी म्हणायला लागले. पाट्या बदलल्या, लाल दिव्याच्या गाड्या वाढल्या, तेलीबांध्याच्या पलीकडे जमिनींचे भाव चढले. मी त्या वेळी एका औषधवाल्याकडे पेट्या उचलत होतो. शिक्षण दहावी, तेही दुसऱ्या खेपेला. आमचे वडील रेल्वेत फिटर होते, लवकर गेले. आई त्याच्याही आधी गेली. मला वाढवलं ते शकूताईनं, माझ्या मोठ्या बहिणीनं. ती तात्यापाऱ्यात, आमच्या मोहल्ल्यात, ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल लावायची. तिच्या हाताला डोळे होते, असं पाऱ्यातल्या बाया म्हणायच्या. बोलता बोलता, खिडकीबाहेर बघत ती सुईत दोरा ओवायची. तिचं लग्न झालं तेही त्याच पाऱ्यात, चार घरं सोडून. मी तिच्याच ओट्यावर वाढलो.

राजधानी झाली तसे मोठे डॉक्टर आले. मेंदूचे, नसांचे. त्याआधी असा रुग्ण सरळ नागपूरला पाठवायचे आणि अर्धे वाटेतच राहायचे. आता डॉक्टर इथे होते, पण ते लिहून देत ते इंजेक्शन इथे नव्हतं. मी एकदा बाहेर उभा राहून ऐकलं, एक डॉक्टर फोनवर नागपूरच्या दुकानाला विनवत होते. मी आत गेलो आणि म्हटलं, "साहेब, उद्या सकाळी आणून देतो." त्यांनी माझ्या चपलांकडे बघितलं. पण आणून दिलं.

त्यातली मेख अशी, की हे औषध गरम झालं की वाया जातं आणि गोठलं तरी वाया जातं. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दूध राहतं तेवढ्याच थंडाव्यात ते राहायला हवं. नागपूर ते रायपूर उन्हाळ्यात रेल्वेच्या डब्यात बसून बघा, म्हणजे कळेल. बर्फ बाटलीला टेकू द्यायचा नाही आणि दूरही ठेवायचा नाही. शकूताईनं पंडरीतून उरलेल्या तुकड्यांची बोचकी आणली आणि थर्माकोलच्या पेटीला चारी बाजूंनी जाड गोधडी शिवली, वर बंद लावले. आत बाटल्यांसाठी वेगळे कप्पे. "तुह्या पोराइले नाही शिवली एवढी चांगली शिवून देऊन राहिली," म्हणाली. माझं तेव्हा लग्नही झालं नव्हतं. ती गोधडी घातलेली पेटी मांडीवर घेऊन मी किती खेपा केल्या ते मोजलं नाही. माझा धंदा त्या गोधडीवर उभा राहिला, हे मी कोणापुढेही कबूल करीन.

आता तो आजार. डॉक्टर त्याला जीबीएस म्हणतात. अलीकडे वर्तमानपत्रांत हे नाव येऊ लागलंय, तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. चांगला धडधाकट माणूस. एक दिवस पायाला मुंग्या येतात. दुसऱ्या दिवशी चप्पल पायातून निसटते आणि त्याला कळत नाही. मग उठता येत नाही. लुळेपणा पायांकडून वर चढत जातो: मांड्या, हात, चेहरा. छातीपर्यंत पोचला की श्वास मशीनवर घ्यावा लागतो. बहुतेक माणसं वाचतात, पुष्कळ पुन्हा चालतात. सगळी नाही.

का होतं, ते मी गिऱ्हाइकांना पंडरीच्या भाषेत समजावून सांगायचो. बाजारात चोर आला, त्याच्या अंगात निळ्या चौकटीचा शर्ट. शिपायांना हुकूम सुटला, निळी चौकट दिसली की ठोका. त्यांनी चोराला ठोकला. पण त्याच थानातल्या कापडाचा शर्ट घरच्या माणसाने पण शिवलेला. चोर पळाला, शिपाई थांबले नाहीत, ते घरच्यालाच ठोकत बसले. चोर म्हणजे विषाणू, किंवा जुलाबाचा जंतू. शिपाई म्हणजे आपल्याच रक्तातली ताकद. आणि घरचा माणूस म्हणजे नसेवरचं आवरण, वायरवरचं प्लास्टिक समजा. म्हणून ताप निघून जातो आणि मग पाय जातात. दोन्हींत आठवडा, दोन आठवडे, कधी महिनाभर अंतर असतं. हजारो अनोळखी माणसांच्या रक्तातून गाळून काढलेला अंश माझ्या बाटलीत असायचा. तो आत गेला की हे बहकलेले शिपाई शांत व्हायला लागतात. कसे शांत होतात, ते पूर्णपणे डॉक्टरांनाही माहीत नाही, असं एका डॉक्टरनेच मला सांगितलं होतं. आणि दर वेळी चोर सापडतोच असंही नाही.

पण चोराची चौकशी दर वेळी होते. "गेल्या महिन्याभरात ताप, सर्दी, जुलाब, काही आजार?" हा पहिला प्रश्न. तो मी इतक्या वेळा ऐकला होता की दुकानात आलेल्या नातेवाइकांना मीच विचारायला लागलो. हो म्हणाले की मी मान हलवायचो, मोठा जाणकार असल्यासारखा. आणि खरंच, दहातल्या सहा-सात वेळा माझा अंदाज बरोबर निघायचा. त्याचा मला माज होता. लपवण्यात काही अर्थ नाही.

माझ्या तोंडाबद्दलही सांगून टाकतो. बलौदाबाजारकडचा एक शेतमजूर आला. बायको दवाखान्यात होती. त्याने पाचही दिवसांच्या बाटल्या घेतल्या. वॉर्डात फ्रिज बंद पडलेला होता. मी घाईत होतो, म्हटलं, "ठंडे में रखना." दवाखान्याजवळ त्याच्या गावचा एक कुल्फीवाला होता, त्याच्या डीप फ्रीजरमध्ये याने त्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी बाटल्या दगड. तो त्या परत घेऊन आला तेव्हा मी दुकानातलं स्टूल आपटलं. अक्कल, अंगठाबहाद्दर, काय काय बोललो. अर्धा तास. नव्या बाटल्या माझ्याकडून दिल्या, पण आधी अर्धा तास त्याला ऐकवलं आणि तिकडे त्याची बायको वाट बघत होती. तो खाली बघत ऐकत राहिला. शेवटी हळूच म्हणाला, "भैया, तुमन कहे रहेव, ठंडा म रखहू. ओखर ले ठंडा जगा अउ नइ हे."

तुम्हीच म्हणाला होतात थंडात ठेवा, त्याहून थंड जागा आणखी कुठली नाही. बरोबरच होतं. जे सांगितलं ते त्याने शब्दाला धरून केलं. मी त्या दिवशी हसून सगळ्यांना ही गोष्ट सांगितली. अडाणी माणसाची गोष्ट म्हणून.

एवढी वर्षं धंदा केला तरी डॉक्टर लोक मला पाठीमागे दलाल म्हणायचे. काही तोंडावर म्हणायचे. "दलाल को बुलाओ, माल मंगाओ." मी दिवसाला दिवस म्हटलं नाही, उन्हात पेट्या वाहिल्या, एक बाटली कधी गरम होऊ दिली नाही, आणि हे माल म्हणायचे. त्यांच्या तोंडून एकदा तरी चांगला शब्द ऐकावा अशी हाव मला होती. ती पुढे पुरी झाली. कशी, ते सांगतो.

नव्या राज्याला दहा-बारा वर्षं झाली असतील. उन्हाळा होता. एका सकाळी शकूताईचा फोन आला, "बाल्या, पायात चप्पल राहून नाही राहिली." मी जागेवरच बसलो. हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलं होतं.

तिच्याकडे गेलो तर ती चटईवर, भिंतीला टेकून. उठता येईना. सासू जपमाळ ओढत बसलेली. पंधरा-वीस दिवसांपूर्वीच या घरात माता आली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अंगावर पाण्याचे फोड उठले की आमच्याकडे माता आली म्हणतात. तो आजार नसतो, पाहुणी असते. दाराला कडुलिंब लागतो. घरात फोडणी देत नाहीत. औषध देत नाहीत, कारण पाहुणीला हाकलत नाहीत. ताईला या वयात माता आली होती. सासूच्या आज्ञेने ती नऊ दिवस जमिनीवर, लिंबाच्या पाल्यावर झोपली. संध्याकाळी पाऱ्यातल्या बाया येऊन मांदर ढोलाच्या तालावर मातेची गाणी म्हणायच्या. प्रवास करून आलेल्या माणसाने त्या घराचा उंबरा ओलांडायचा नसतो, म्हणून मी बाहेरूनच नारळ पाठवला होता. मी. औषध विकणारा माणूस. माता गेली, ताईने लिंबाच्या पाण्याने आंघोळ केली, थंड जेवणाचा नैवेद्य झाला आणि विषय संपला.

दवाखान्यात नेलं. नाव सांगत नाही, तिथे मी वर्षानुवर्षं बाटल्या पोचवत होतो. नसांच्या मोठ्या मॅडम रजेवर होत्या. ड्युटीवर एक तरुण डॉक्टर होता, मला ओळखणारा. त्याने गुडघ्यांवर हातोडी मारून बघितली, पाय उचलायला लावले आणि माझ्याकडे वळून विचारलं, "पिछले महीने-डेढ़ महीने में कोई बीमारी? बुखार, दस्त?"

मी म्हणालो, "नहीं. कोई बीमारी नहीं."

क्षणभरही विचार केला नाही. खोटं बोललो असंही नाही. माझ्या डोक्यात बीमारीचा एक कप्पा होता आणि त्यात माता नव्हती, जशी नवरात्र त्यात नव्हती. ताईही ऐकत होती. तीही काही बोलली नाही.

"भैया, कहीं ये आपवाली तो नहीं?" डॉक्टरने विचारलं. आपवाली म्हणजे माझ्या इंजेक्शनची.

आता इथे मी काय केलं ते ऐका. मी त्याला समजावलं. म्हटलं, "साहब, बीस साल का नहीं तो बारह साल का तजुर्बा है. मेरी वाली में पहले बुखार होता है, दस्त होता है. इनको कुछ भी नहीं हुआ. दूसरा देखो."

मी सौदा करत होतो. समोर डॉक्टर होता, पण सौदा त्याच्याशी नव्हता. तो आजार काय करतो हे मी जवळून बघितलं होतं आणि मला तो नको होता. दुसरं काहीही चालेल, हे नको. आणि आणखी एक गोष्ट होती. मीच माझं इंजेक्शन स्वतःच्या बहिणीला सुचवलं तर हा मनात म्हणेल, दलाल तो दलाल.

त्याने रक्त तपासलं, काही निघालं नाही. संध्याकाळपर्यंत ताईचा चेहरा बदलला, बोलणं नाकातून यायला लागलं. त्याच आठवड्यात त्या वॉर्डात करैत, म्हणजे मण्यार, चावलेला एक माणूस आलेला होता. आमच्याकडे हा साप झोपेत चावतो, खूण दिसत नाही आणि माणूस लुळा पडतो. डॉक्टरने विचारलं, "जमीन पर सोती हैं?"

"हां," मी म्हणालो. "इधर नीचे ही सो रही थीं."

का झोपत होती, ते त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मातेची चटई होती ती. पण त्याला साप सापडला. सापाच्या विषावरचं औषध सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे एक इंटर्न मुलगी होती, साहू नावाची, धमतरीकडची. ताईच्या उशाशी बसून तिने छत्तीसगढीत बोलायला सुरुवात केली. ताईला ती भाषा आपली, तीस वर्षं पाऱ्यात तीच बोललेली. "दाई, देह म कुछू निकले रिहिस का? थोरिक दिन पहिली..." थोड्या दिवसांपूर्वी अंगावर काही उठलं होतं का, असं ती विचारत होती.

मी चहा घेऊन आत येत होतो. रात्रभर डोळा लागला नव्हता, हे कारण म्हणून सांगत नाही. मी तिच्यावर ओरडलो. "मैडम, बड़े डॉक्टर ने सब पूछ लिया है. मैंने सब बता दिया है. मरीज को बोलने में तकलीफ है, दिखता नहीं? पहले सुई लगाना सीखो, फिर सवाल पूछना."

मुलगी उठली. कागद छातीशी धरले आणि गेली. ताईने माझ्याकडे बघितलं. तिची पापणी पूर्ण मिटत नव्हती, म्हणून ती बघतच राहिली.

तिसऱ्या दिवशी मोठ्या मॅडम आल्या. नागपूरच्या, मराठी बोलणाऱ्या. खाटेजवळ आल्या, ताईला म्हणाल्या, "डोळे मिटा." मिटेनात. त्या तरुण डॉक्टरला म्हणाल्या, "सापाने पापणी उघडत नाही. यांची मिटत नाही. हा फरक तुला दिसला नाही?" मग नर्सला सांगून ताईला कुशीवर वळवलं आणि पाठीवरचा कपडा बाजूला केला. पाठभर डाग, काही ठिकाणी अजून खपल्या.

"हे कसले?"

"ती माता आली होती," मी म्हणालो.

"कधी?"

"तीन आठवडे झाले असतील."

मॅडमनी कपडा पुन्हा पाठीवर ओढला. "भाऊ, कांजण्या झाल्या होत्या आणि तुम्ही सांगितलं नाहीत?"

"बीमारी विचारली होती, मॅडम."

कुल्फीवाल्याच्या फ्रीजरमध्ये बाटल्या ठेवणारा माणूस मला त्या क्षणी आठवला. त्याचा चेहरा, खाली घातलेली मान, सगळं.

मॅडमनी कमरेतून पाणी काढून तपासायला पाठवलं आणि वाट न बघता माझं इंजेक्शन लिहून दिलं. ते दवाखान्याच्या समोरच्या रस्त्यापलीकडे, माझ्याच फ्रिजमध्ये होतं. तीन दिवस तिथेच होतं. मी रोज सकाळी त्याचं तापमान बघून वहीत लिहीत होतो. मी बाटल्या घेऊन आलो तेव्हा मॅडमनी वजन विचारलं. मी काटा आणला नाही. बहीण किती किलोची आहे हे मला माहीत होतं. पण सांगताना मी दोन किलो वाढवून सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्यापुढे वजन वाढवलं ते मीच.

त्याच संध्याकाळी तिला मशीनवर घ्यावं लागलं. तीन आठवडे ती मशीनवर होती. पुढचं लांबण लावत नाही. ती वाचली. श्वास परत आला, आवाज परत आला, पाय बऱ्यापैकी आले. डावं पाऊल चालताना फटकन खाली पडतं, ते पट्ट्याने बांधावं लागतं. हात आले नाहीत. म्हणजे खांदे आले, कोपर आले, बोटं आली नाहीत. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना भेटत नाहीत. सुई दोघांच्या मधून पडते.

वर्षभराने मी मॅडमना गाठलं. "तीन दिवस आधी दिलं असतं तर हात वाचले असते?"

"सांगता येत नाही, भाऊ."

"निम्मे?"

"असं नसतं ते."

"पाव तरी? मॅडम, काहीतरी सांगा. एक आकडा सांगा. मी भांडणार नाही."

"लवकर दिलेलं बरं, एवढं आम्हाला माहीत आहे. कांजण्यांनंतर हे क्वचित होतं, पण होतं. इथे कांजण्यांमुळेच झालं, हेही मी शपथेवर सांगणार नाही. अंतर बघता दुसरीकडे शोधायचं कारण मला दिसत नाही, इतकंच. तीन दिवस आधी या बाईचं काय झालं असतं, ते कुठल्याच पुस्तकात नाही."

मी रायपुरात जमिनीचा सौदा केला, गाळ्याचा केला, नागपूरच्या मारवाड्याकडून भाव पाडून आणला. कुठेही आकडा काढल्याशिवाय उठलो नाही. या तीन दिवसांचा आकडा मला कोणी देत नाही. एखाद्याने सांगितलं असतं की सगळी चूक तुझी, तर मी मान्य केलं असतं. कोणी सांगितलं असतं की काहीच फरक पडला नसता, तर झोप लागली असती. दोन्हीच्या मधे कुठेतरी ठेवून दिलंय मला.

म्हणून मी तक्रार केली. त्या तरुण डॉक्टरविरुद्ध, लेखी. साप आणि कांजण्या यातला फरक कळत नाही, पाठ उघडून बघितली नाही, प्रश्न नीट विचारला नाही. प्रश्न नीट विचारला नाही हे मी अजूनही म्हणतो. ज्या गावात अर्धे लोक कांजण्यांना आजार म्हणत नाहीत, तिथे बीमारी हुई थी क्या असं विचारून भागतं का? पंडरीत साडी विकणारासुद्धा गिऱ्हाइकाच्या भाषेत रंग सांगतो. हे शिकलेले लोक. माझा राग खोटा नाही.

तक्रारीसाठी केसपेपरची नक्कल लागली. ती मी खिडकीवर उभं राहून मिळवली, तिथेच वाचली. इंग्रजीत होती, पण इतकी वर्षं चिठ्ठ्या वाचून माझं तेवढं इंग्रजी झालंय. पहिल्या पानावर, वर, त्या तरुण डॉक्टरच्या अक्षरात लिहिलं होतं: माहिती देणारा, रुग्णाचा भाऊ, औषधांचा व्यापारी. पूर्वी कोणताही आजार झाला नसल्याचे सांगतात. माहिती विश्वासार्ह.

मी तो शब्द पुन्हा वाचला. डॉक्टरांच्या हातून माझ्याबद्दल चांगला शब्द निघावा म्हणून मी किती वर्षं वाट बघितली होती. निघाला तो हा.

आता धंदा माझ्याकडे नाही. नव्या रायपुरात मोठ्या कंपनीचं थंड गोदाम झालंय, त्यांच्या स्वतःच्या गाड्या आहेत, तापमान आपोआप मोबाइलवर दिसतं. पेटी मांडीवर घेऊन बसणारा माणूस त्यांना नको. शेवटची दोन-तीन वर्षं दुकानात मी प्रश्न बदलला होता. बीमारी विचारायचो नाही. "माता आई थी क्या? कुछू निकले रिहिस का? टट्टी-पेशाब? खांसी?" एकेक नाव घेऊन विचारायचो. लोक चक्रावायचे, दुकानदार हे काय विचारतो म्हणून. एक-दोघांनी मात्र "हव, आए रिहिस" म्हटलं आणि मी त्यांना तसंच डॉक्टरकडे परत पिटाळलं, आधी हे सांगून या म्हणून. धमतरीच्या त्या मुलीचं वाक्य मी पुढे माझ्या नावावर वापरलं. तिला शोधायला गेलो नाही. माफी मागायलाही तोंड लागतं.

नक्कल मिळाली त्या दिवशी ती घेऊन मी ताईकडे गेलो होतो. ती ओट्यावर बसली होती, मांडीवर ताट, मनगटांनी तांदूळ पसरवून खडे शोधत होती. खडा दिसला की शेजारच्या पोट्टीला सांगायची, ती उचलायची.

मी म्हटलं, "ताई, तूही तर तिथंच होती. डॉक्टरनं विचारलं तवा तू काहून नाही बोलली?"

"काय बोलू? त्यानं बीमारी विचारली. आईचं नाव बीमारीत घेऊ?"

"अवं, हात गेले ना तुहे."

"गेले. म्हणून आई बीमारी झाली का?"

तिच्याशी सौदा मला कधी जमला नाही.

मग ती म्हणाली, "त्या धमतरीच्या पोट्टीचं नाव आहे का बे त्यात?"

"नाही."

"ती बराबर विचारून राहिली होती. माह्या तोंडावर आलं होतं. तू काहून हाकललं तिले?"

शेजारची पोट्टी तांदळातून मान वर करून माझ्याकडे बघायला लागली. मी कागद सरळ केले.

"काय लिहिलं त्याइनं? वाच ना."

मी वाचलं. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून मराठीत सांगत गेलो. माहिती देणारा, रुग्णाचा भाऊ. औषधांचा व्यापारी. पूर्वी कोणताही आजार नाही, असं सांगतात.

"आणि?"

"एवढंच," मी म्हणालो आणि कागदाची घडी घातली.